विहीर आणि खड्डा यांच्यामधले अंतर : लखनौच्या ग्रामीण भागातील पाणी व स्वच्छता नियमांचा इतिहास (१८८२–२०१९)

प्रस्तावना

लखनौ शहरातून मलिहाबादकडे किंवा मोहनलालगंजकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या गावातले नवे घर डोळ्यांसमोर आणा. मागच्या अंगणात हातपंप किंवा सबमर्सिबल पंप बसवलेली बोअर आहे. पुढच्या बाजूला, दाराच्या पायरीखाली किंवा रस्त्याच्या कडेला, शौचालयाची टाकी आहे. घरमालक तिला 'सेप्टिक टँक' म्हणतो. अशा टाक्यांचा तळ पुष्कळदा पक्का नसतो. मैल्याचे पाणी जमिनीत मुरत राहते. एका छिद्रातून कुटुंब पाणी वर काढते आणि दुसऱ्यातून घाण पाणी खाली सोडते. दोन्ही छिद्रे एकाच वाळूच्या आणि मातीच्या थरात उतरलेली आहेत.

आता एक प्रश्न विचारू. या घराच्या मालकाला कायदा काय सांगतो? विहिरीविषयी एक कायदा, टाकीविषयी दुसरा, टाकी उपसणाऱ्या माणसाविषयी तिसरा आणि या सर्वांची कार्यालयेही वेगळी, असे उत्तर येते. जमिनीखाली जे एक आहे ते कागदावर वेगळे कसे झाले, हे या पाठात आपण पाहणार आहोत. सुरुवातीला ते वेगळे नव्हते. विहीर आणि घाण यांचा विचार एकाच कलमात करणारे कायदे याच प्रदेशात होते. म्हणून हा इतिहास केवळ नियमांच्या वाढीचा नाही. एका संबंधाच्या विसरण्याचाही आहे.

१. एकाच कलमातील दोन हक्क

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी न्यायालयांपुढे जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न वारंवार आला. नदीचे पाणी डोळ्यांना दिसते. ते कोठून येते आणि कोठे जाते हे सांगता येते. जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याचे तसे नाही. 'चेसमोर विरुद्ध रिचर्ड्स' या १८५९ च्या निकालात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले की आपल्या जमिनीखालचे झिरपते पाणी मालकाने उपसले आणि त्यामुळे दुसऱ्याचे पाणी घटले, तरी त्याला जबाबदार धरता येत नाही.

पण उपसणे वेगळे आणि नासवणे वेगळे. १८८५ सालच्या 'बॅलार्ड विरुद्ध टॉमलिन्सन' या खटल्यात एका मालकाने आपली जुनी विहीर घरातील मैलापाण्यासाठी वापरायला काढली होती. ती घाण खडूच्या खडकातून झिरपत शेजाऱ्याच्या विहिरीत पोहोचली. अपील न्यायालयाने शेजाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. झिरपत्या पाण्यावर कोणाची मालकी नसली, तरी ते दूषित करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्याचे सार होते. विहिरीचा मैल्याचा खड्डा झाल्यावर काय होते, याचा हा कायद्यातला एक जुना आणि स्पष्ट दाखला आहे.

हे दोन्ही विचार भारतीय सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे १८८२ च्या 'इझमेंट्स ॲक्ट'मध्ये, एकमेकांशेजारी सापडतात. त्याच्या कलम ७ खालील उदाहरणे पाहा. उदाहरण 'एफ' सांगते की जमिनीतून झिरपत येणारे पाणी वाटेत इतरांनी अवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे. त्यापुढचेच उदाहरण 'जी' सांगते की ठरावीक प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे.

हा कायदा प्रथम मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग येथे लागू झाला. नागपूर मध्य प्रांतात असल्याने तेथे तो सुरुवातीपासून होता. मुंबई इलाखा तसेच वायव्य प्रांत व अवध यांना तो १८९१ च्या आठव्या कायद्याने एकाच वेळी लागू झाला. म्हणजे पुण्याच्या आणि लखनौच्या विहीरमालकाला हा हक्क एकाच दिवशी, एकाच शब्दांत मिळाला.

यानंतरच्या शंभर वर्षांत 'जी' फोफावला आणि 'एफ' पुस्तकातच राहिला. त्याचे कारण सोपे आहे. पाणी उपसण्याचा हक्क बजावायला पंप पुरतो. पाणी शुद्ध ठेवून मागण्याचा हक्क बजावायला वकील लागतो, आणि घाण शेजाऱ्याच्याच खड्ड्यातून आली हे सिद्ध करावे लागते. ज्या गावात दहा घरांचे दहा खड्डे आहेत, तेथे ते सिद्ध कसे करणार? शिवाय दोन्ही हक्क 'जमीनमालकाचे' आहेत. तालुकदारांच्या अवधमध्ये ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या कुळांना आणि मजुरांना या कलमाचा फारसा उपयोग नव्हता.

२. पटकीचे भय आणि प्रशासनाचा हात

दिवाणी कायदा तक्रारीची वाट पाहतो. साथ वाट पाहत नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती पटकीने माणसे मेली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी संशय पाण्यावर घेतला. नंतर उकरून पाहिल्यावर शेजारच्या घराचा मैल्याचा हौद त्या विहिरीपासून तीन फुटांहूनही जवळ आढळला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्णत्वास नेले. मग विहीर ही खासगी मालमत्ता असली तरी सार्वजनिक धोकाही ठरू शकते, हा विचार प्रशासनात रुजला.

मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्राम स्वच्छता कायदा झाला. वायव्य प्रांत व अवधमध्ये तसा कायदा १८९२ साली आला. या कायद्यांमुळे जिल्हा प्रशासनाला गावाच्या पाण्यात आणि घाणीत हात घालण्याचा रीतसर मार्ग मिळाला. त्याच दशकात आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक आणि जंतुशास्त्रज्ञ असलेले अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी निर्जंतुक करण्याचा पुरस्कार केला. पाणी जांभळट-लाल होई. रंग काही काळ टिकला तर मात्रा पुरली असे समजत. साथीच्या काळात विहिरीत लाल औषध टाकण्याची ही पद्धत पुढे देशभर पसरली. महाराष्ट्रातल्या वयस्कर माणसांनाही ती आठवत असेल.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्या. औषध विहिरीत पडे. पण विहिरीपर्यंत घाण कोठून येते, याचा मागोवा क्वचितच घेतला जाई. रोग आल्यावर विहिरीवर उपाय आणि रोग गेल्यावर विस्मरण, ही सवय तेव्हापासूनची आहे.

३. १९४७ ते १९५२ : दोन छिद्रे पुन्हा एका कलमात

स्वातंत्र्याच्या वर्षी झालेला उत्तर प्रदेश (तेव्हाचा संयुक्त प्रांत) पंचायत राज कायदा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. त्याच्या कलम १८ चा विषय आहे स्वच्छतेत सुधारणा. या कलमानुसार पंचायत मालकाला किंवा रहिवाशाला नोटीस देऊन वाजवी मुदतीत दोन प्रकारची कामे करायला सांगू शकते. पहिला प्रकार : शौचालय, मोरी, मैल्याचा हौद बंद करणे, हलवणे, दुरुस्त करणे, साफ करणे. दुसरा प्रकार : आरोग्याला अपायकारक ठरलेली खासगी विहीर, तळे किंवा खड्डा साफ करणे, झाकणे, खोल करणे किंवा बुजवणे.

म्हणजे खड्डा आणि विहीर एकाच कलमात, एकाच संस्थेच्या हाती आणि ती संस्था गावातलीच. 'एफ' हक्कासाठी लागणारा वकील येथे लागत नाही. पंचायतीची नोटीस पुरते.

पाच वर्षांनी जमीनदारी संपली. जमीनदारी निर्मूलन व भूसुधार कायदा १ जुलै १९५२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ९ नुसार गावठाणातील खासगी विहिरी, झाडे आणि इमारती जुन्या मालकांकडे किंवा रहिवाशांकडेच राहिल्या. सार्वजनिक विहिरी गावसमाजाकडे सोपवण्याची तरतूद झाली. घरमालक आणि त्याची विहीर यांचे नाते त्यामुळे पक्के झाले.

मग कलम १८ चालले का? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कायद्यातले गाव आणि प्रत्यक्षातले गाव वेगळे करायला शिकले पाहिजे. नोटीस देणारा प्रधान आणि घेणारा घरमालक एकाच गल्लीत राहतात. पुढच्या निवडणुकीत त्याचेच मत हवे असते. शिवाय विहिरी जातीनुसार वाटलेल्या होत्या. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने जो प्रश्न उभा केला, तो अवधच्या खेड्यांतही होताच. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने विहिरीवर पाणी भरू न देणे हा गुन्हा ठरवला. ज्या विहिरीवर सर्वांना जाता येत नाही, तिच्या शुद्धतेची काळजी 'गावाची' कशी होणार?

४. लखनौची संस्था आणि कणकवलीचा आश्रम

लखनौला १९५४ साली 'प्लॅनिंग रिसर्च अँड ॲक्शन इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'पीआरएआय' म्हणतात. इटावा जिल्ह्यात १९४८ पासून चाललेल्या पथदर्शी ग्रामविकास प्रकल्पाच्या अनुभवातून ती उभी राहिली. तिने खेड्यातल्या घरासाठी तयार केलेले शौचालय 'पीआरएआय पद्धतीचे शौचालय' म्हणून देशाला माहीत झाले. त्याची रचना साधी होती : तीव्र उताराचे भांडे, त्याखाली पाण्याचा अडसर असलेला वाकडा पाइप आणि बाजूला, घरापासून थोडा दूर, मुरणारा खड्डा. थोड्या पाण्यात ते साफ होई, वास येत नसे, माशा जात नसत. खड्डा भरला की पाइप दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिल्यातला मैला कुजू द्यायचा. दीर्घकाळ विसावलेल्या खड्ड्यातून निघते ते मातीसारखे खत. ते मालकाला स्वतः काढता येते.

याच काळात कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन मैल्याचे सोनखत करणारे संडास बांधून दाखवत होते. लखनौचे संशोधक नियोजनाच्या वाटेने आणि अप्पासाहेब भंगीमुक्तीच्या वाटेने आले. दोघांचे उत्तर सारखे होते. ताजा मैला दुसऱ्या माणसाच्या हाताला लागू नये.

आता अंतराकडे वळू. भारतीय मानक संस्थेने सेप्टिक टाकीची संहिता, आयएस २४७०, प्रथम १९६३ साली काढली आणि १९८५ साली सुधारली. सेप्टिक टाकी मैला शुद्ध करत नाही. घन भाग खाली बसवते आणि वरचे गढूळ पाणी पुढे सोडते. त्या पाण्यात रोगजंतू असतातच. म्हणून ते जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून निदान ६ मीटर दूर असावी, असे संहिता सांगते. दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठी १९८७ ची आयएस १२३१४ ही संहिता आहे. बारीक मातीत, खड्ड्याचा तळ भूजलाच्या उच्चतम पातळीच्या निदान २ मीटर वर असेल, तर ती ३ मीटर अंतर पुरेसे मानते. खड्डा पाण्यात बुडत असेल तर १० मीटर मागते.

हे आकडे कागदावर काढून पाहा. समजा तुमचा भूखंड ३० फूट बाय ५० फुटांचा आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण साधारण १७.८ मीटर भरतो. म्हणजे विहीर एका टोकाला आणि शोषखड्डा अगदी दुसऱ्या टोकाला काढला, तरी १८ मीटरचा नियम पाळता येत नाही. शेजाऱ्याची बोअर तर आपण अजून मोजलीच नाही. नियम मोडणारा प्रत्येक घरमालक बेफिकीर असतो असे नाही. पुष्कळदा नियम त्याच्या जागेत मावतच नाही. अशा नियमाची अंमलबजावणी घरोघरी होऊ शकत नाही. ती वस्तीच्या पातळीवरच करावी लागते.

५. वाटणी

१९७० च्या दशकात चित्र बदलले. जालना आणि सोलापूर येथील मिशनरी कार्यशाळांनी दुष्काळी भागासाठी मजबूत पोलादी हातपंप तयार केले होते. सोलापूरच्या पंपाच्या आधारावर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी 'इंडिया मार्क टू' हा पंप घडवला. लखनौच्या खेड्यांत आज दिसणारा सरकारी हातपंप हा अशा रीतीने मराठवाडा-सोलापूरच्या पंपांचा वंशज आहे. १९७५ च्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण कायद्याने उत्तर प्रदेश जल निगम स्थापन झाला. पाणी आता अभियंत्यांचा विषय झाले. गावातले शौचालय मात्र पंचायतीकडे आणि अनुदानाच्या योजनांकडे राहिले.

ही वाटणी राज्यघटनेतही दिसते. सातव्या अनुसूचीच्या राज्य सूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता सहाव्या क्रमांकावर, तर पाणी सतराव्या क्रमांकावर आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा अकरावा विषय आणि आरोग्य व स्वच्छता हा तेविसावा. क्रमांक वेगळे असणे हा दोष नव्हे; पण क्रमांकामागे खाते येते, खात्यामागे निधी येतो आणि निधीमागे तपासणारा अधिकारी येतो. दोन खात्यांचे दोन अधिकारी त्या अंगणात आले, तर दोन छिद्रांमधले अंतर मोजणे कोणाचे काम?

महाराष्ट्रातही हेच घडले. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. हा नियम पाण्याच्या प्रमाणाचे रक्षण करतो. त्याच स्रोताजवळ शोषखड्डा खोदला तर काय, हा प्रश्न या ५०० मीटरच्या नियमात येत नाही.

६. टाकीत उतरणारा माणूस

पीआरएआयच्या शौचालयाचा मूळ हेतू मैला दुसऱ्याच्या हाताला लागू नये हा होता, हे आपण पाहिले. मोठी सेप्टिक टाकी मात्र कधी ना कधी उपसावीच लागते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही. हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे तुम्हाला माहीत आहे.

१९९३ च्या केंद्रीय कायद्याने कोरडी शौचालये आणि हाताने मैला वाहण्याची नोकरी यांवर बंदी घातली. तो कायदा करण्याची विनंती संसदेला करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. पण त्या कायद्याची नजर कोरड्या शौचालयावर होती. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकी व गटार यांच्या धोकादायक सफाईलाही मनाई केली. ही मनाई स्थानिक संस्थेला आणि ठेकेदाराला आहे, तशीच घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी 'सफाई कर्मचारी आंदोलन' खटल्यात अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी 'बलराम सिंह' खटल्यात ती तीस लाख केली. भरपाई वाढत गेली, याचा अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

७. २०१९ : एकाच वर्षात सगळे

२०१९ हे वर्ष बारकाईने पाहा. १५ ऑगस्टला प्रत्येक ग्रामीण घरी नळ देण्यासाठी जल जीवन मिशनची घोषणा झाली. २ ऑक्टोबरला ग्रामीण भारत उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. उत्तर प्रदेशाने याच वर्षी भूजल (व्यवस्थापन व विनियमन) कायदा केला. त्यात ग्रामपंचायतीच्या भूजल उपसमितीपासून राज्य प्राधिकरणापर्यंत रचना आहे, औद्योगिक व व्यापारी उपशावर नियंत्रण आहे आणि भूजल दूषित करणाऱ्यास दंड व कैद आहे. याच वर्षी राज्याचे सेप्टेज व्यवस्थापन धोरणही आले; पण त्याचा रोख नगरपालिकांकडे होता. आणि डिसेंबरात लखनौ महानगरपालिकेची हद्द वाढून ८८ गावे शहरात आली.

त्या गावांतल्या घरमालकाच्या जागी स्वतःला ठेवा. काल कलम १८ ची नोटीस पंचायत देऊ शकत होती. आज ती पंचायत नाही. टाकी उपसण्याची व्यवस्था आता महानगरपालिकेची, बोअर भूजल कायद्याखाली आणि नळ अजून यायचा. जमिनीखालची वाळू मात्र तीच आहे. शौचालये वाढली हे मोठे यश खरेच. पण प्रत्येक नव्या शौचालयाबरोबर जमिनीत एक नवे छिद्रही पडले आहे. मैल्यातील नायट्रोजन नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो, आणि पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरहून अधिक नायट्रेट भारतीय मानकाला मान्य नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. लाल औषधाने तो जात नाही आणि उकळूनही जात नाही.

सारांश

१८८२ च्या कायद्याने उपशाचा हक्क आणि शुद्धतेचा हक्क शेजारी ठेवले. १९४७ च्या कायद्याने विहीर आणि खड्डा एका नोटिशीत आणले. त्यानंतर तंत्र, खाती आणि निधी यांनी दोघांना वेगळे केले. नवा नियम करण्याआधी जुना संबंध पुन्हा जोडणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी कायदा नव्याने शोधावा लागत नाही. उदाहरण 'एफ' आजही पुस्तकात आहे. ग्रामपंचायत असलेल्या गावांत कलम १८ ही आहे. भूजल उपसमिती गावातल्या बोअर मोजू शकते, तर त्याच फेरीत खड्डेही मोजू शकते.

विचारासाठी प्रश्न

१. कलम ७ मधील दोन उदाहरणांपैकी एक प्रत्यक्षात अधिक प्रभावी का ठरले? पुरावा देण्याची जबाबदारी कोणावर होती, हे लक्षात घेऊन उत्तर लिहा.

२. आपल्या घराची किंवा गावातील एखाद्या घराची विहीर वा बोअर आणि शोषखड्डा यांमधील अंतर मोजा. शेजारच्या घरांचे खड्डेही नकाशात दाखवा. १८ मीटरचा नियम पाळला जातो का? नसल्यास का?

३. सेप्टिक टाकी आणि दोन खड्ड्यांचे शौचालय यांची तुलना 'उपसणार कोण?' या प्रश्नाच्या आधारे करा.

४. आपल्या राज्यातील पंचायत कायदा मिळवा. विहीर आणि शौचालय यांविषयीच्या तरतुदी त्यात एका कलमात आहेत की वेगवेगळ्या? त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल, आणि कोणता काढता येणार नाही?